सरपंचाच्या पोटातला भंडार

खंडोबाचा भंडार मी पिठल्यात घातला होता. हे आता लपवायचं वय राहिलं नाही, आणि लपवून उपयोगही नाही. घरात नवी नातसून आली की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी तिच्या कानाशी लागतं, "थोरल्या बाईंच्या हातात हळद देताना जरा बघून दे." मग ती बिचारी माझ्याकडे अशी बघत राहते, की मलाच तिला बसवून सगळं सांगावं लागतं. सांगून सांगून जीभ दुखली, म्हणून यंदा लिहूनच ठेवते.

स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. मी सोळा-सतरा वर्षांची, माहेर आळ्याचं, शिक्षण चौथी पास. त्या चौथीचा मला एवढा ताठा, की बघणाऱ्याला वाटावं, ही पोरगी कलेक्टरला शिकवून आली आहे. सासर मिळालं निमगाव सावाच्या अंगाला असलेलं एक बारकं गाव. आळ्यासारख्या मोठ्या गावातून मी तिथे नांदायला आले, हे त्या गावावर केवढे उपकार झाले असं मला मनापासून वाटायचं. सासूबाई काही सांगायला लागल्या की त्यांचं वाक्य निम्म्यात तोडून मी म्हणायची, "ठाऊक हाय, आत्याबाई." म्हैस कुणाच्या हाताला पान्हा सोडते? ठाऊक हाय. जात्याला खुंटा कसा बसवायचा? ठाऊक हाय. एकदा त्या म्हणाल्या, "देव्हाऱ्यात टाकाखाली पिवळी गाठ हाय बग, ती..." मी लगेच, "ठाऊक हाय." त्या आपल्या कामाला लागल्या. मला काहीएक ठाऊक नव्हतं.

चैत्रातली दुपार. सासूबाई मळ्यात गेल्या होत्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसले होते आणि त्यांच्याकडे गावचा सरपंच आला, सोबत एक परगावचा पाहुणा. सरपंच म्हणजे उंचापुरा, गोडबोल्या माणूस. वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. फक्त आपण दिलेला शब्द म्हणजे आपल्या घरची कोंबडी, वाटलं तर मोकळी सोडावी, वाटलं तर डालग्याखाली झाकून ठेवावी, असं त्याला वाटायचं.

मामंजींनी आत हाक मारली, "सूनबाई, पिठलं-भाकरी टाक. पावणं जेवूनच जात्याल."

मी ऐटीत चुलीपाशी बसले. कांदा चिरला, मिरची ठेचली, पीठ कालवलं, आणि हळदीचा डबा उघडला तर आत नुसता पिवळा डाग. पाहुण्यांना पांढरंफटक पिठलं वाढायचं? आळ्याचं नाव जाईल! तेवढ्यात आठवलं, देव्हाऱ्यात गाठ आहे. खंडोबाच्या टाकाखालून ती ओढून काढली. जुन्या धोतराचं फडकं, आत हळद आणि बेलाची वाळकी पानं. पानं तेवढी बाजूला काढून ठेवली, तेवढी अक्कल देवानं दिली होती. बाकी सगळी हळद फडकं झटकून फोडणीत. वर कळस म्हणजे, फडकं फार कळकट दिसलं म्हणून मी ते स्वच्छ धुतलं आणि अंगणात दोरीवर वाळत घातलं. स्वतःच्या टापटिपीचं फार कौतुक वाटलं मला.

सरपंचानं पहिल्या घासालाच मान डोलावली. "वा राव! आळ्याकडं असं पिठलं करत्यात व्हय? सूनबाई, वाढा अजून." वाढलं. ते संपलं तेव्हा पुन्हा म्हणाला, "लाज सोडून मागतो बगा, आनी वाईच वाढा." तेही वाढलं. मी दाराआड उभी राहून फुगले होते.

दिवस कलायला लागल्यावर माझी धाकटी नणंद शाळेतून आली. अकरा वर्षांची, काटक्यांसारखे हातपाय, डोळे मात्र टपोरे. दप्तर ओसरीवर टाकता टाकता तिची नजर दोरीवर गेली.

"वयनी, ह्ये फडकं कुटलं गं?"

"देव्हाऱ्यातलं. किती मळलं व्हतं! धुतलं."

"आन् आतला भंडार?"

"भंडार कसला? हळद व्हती. पिठल्यात घातली."

"कोन जेवलं ते पिठलं?"

"सरपंच. दोनदा मागून घेतलं," मी अभिमानानं म्हणाले.

पोरगी मटकन खाली बसली. तोंडावर हात दाबला. मला वाटलं रडतेय, तर हसत होती. आणि हसता हसता खरंच रडायला लागली.

मग तिनं मला जे सांगितलं, ते मला सासूबाई सांगणार होत्या आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. त्या गावची एक रीत होती. गावाचं काम अंगावर घेणाऱ्यानं खंडोबाच्या देवळात उभं राहून बेलभंडार हातात उचलायचा आणि काय करणार ते गावाच्या कानावर घालायचं. त्या हातातलाच भंडार आणि बेल एका फडक्यात बांधून साक्षीदाराच्या घरी देव्हाऱ्यात ठेवायचा. काम पुरं झालं की गाठ सोडून तोच भंडार त्या कामावर उधळायचा. नाही झालं, तर साक्षीदारानं गाठ देवळात आणून त्या माणसाला चारचौघांत विचारायचं. आता टीव्हीवर मंत्री रांगेनं उभे राहून शपथ घेतात, मी समोर बसून बघते आणि दरवेळी माझ्या तोंडून निघून जातं, "अरे, पण ह्याची गाठ कुणाच्या घरी ठेवली?" नातवंडं हसतात. हसू देत.

आमच्या सरपंचानं दिवाळीच्या सुमारास गादीवर बसताना भंडार उचलून सांगितलं होतं, "येत्या मिरगाच्या आत ओढ्यावर साकव बांधीन. न्हाई बांधला तर ह्या गादीवर बसनार न्हाई." साक्षीदार होते मामंजी. साकव म्हणजे काही मोठा पूल नाही, ओढ्यात चार दगडी खांब आणि त्यावर माणसाला चालता येईल अशा फरश्या. पण आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवी ते सातवी ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात. उन्हाळ्यात तो ओढा म्हणजे शेरडाची वाट, पावसाळ्यात मात्र कुणाचं ऐकायचा नाही. आदल्या श्रावणात माझी ही नणंदच त्यातून वाहत गेली होती. करंजाच्या मुळीला परकर अडकला म्हणून हाताला लागली. तेव्हापासून मामंजींनी सांगून टाकलं होतं, "साकव झाला तर सातवीपत्तूर शीक, माझी ना न्हाई. न झाला तर नाव काढनार आन् लगीन लावून देनार. वाहून गेलेली पोर मला बगायची न्हाई." पेठ गावाकडून एक स्थळही चालून आलं होतं. माणसं चांगली होती, म्हणजे धोका खराच होता.

तर एवढं सगळं त्या गाठीत बांधलेलं होतं. ते मी कांदा-मिरचीबरोबर परतलं.

आम्ही दोघींनी मग शहाण्या माणसांनी करू नये ते केलं. ती गावातल्या अत्तारचाचाच्या किराणा दुकानातून हळद घेऊन आली. मी तेच धुतलेलं फडकं घेतलं, तीच वाळकी बेलपानं आत ठेवली, तीच गाठ मारली आणि टाकाखाली सारली. "आता देवालाबी कळनार न्हाई," नणंद म्हणाली. आणि मी, सवयीनं, "ठाऊक हाय."

साकवासाठी दगड गावानंच आणला होता. त्या काळी श्रमदानाची हवा होती. सुगी उरकल्यावर सगळं गाव माळावर गेलं होतं. पुरुषांनी सुरुंगाच्या कांबी चालवल्या, बैलगाड्या जुंपल्या, बायकांनी चुंबळी करून डोक्यावर दगड वाहिले. मी नवी नवरी, सगळ्यांना दाखवायचं म्हणून एका लांबोड्या दगडाला हात घातला. मधून पांढरी शीर गेलेला, देखणा दगड. नणंदेनं दुसरं टोक धरलं. ओढ्यापर्यंत नेला आणि टाकताना माझ्याच पायावर टाकला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. सगळ्या बाया हसल्या, मीही दात दाखवले आणि घरी येऊन रडले.

चैत्र संपत आला तेव्हा धुणं घेऊन ओढ्यावर गेले आणि वाटलं, आपलीच नजर फिरली. दगडांचा ढीग बसला होता. पुढच्या खेपेला आणखी बसला. गाडीच्या चाकोऱ्या ढिगापासून निघून सरपंचाच्या मळ्याकडे वळल्या होत्या. मी धुण्याची बादली तशीच टाकली आणि चाकोरी धरून निघाले. मळ्यात नवी विहीर बांधायचं काम चाललं होतं. गवंडी जेवायला बसले होते. मी आत डोकावून पाहिलं. पायऱ्या बसवल्या होत्या, चुन्यात घट्ट. वरून तिसरी पायरी लांबोडी, मधून पांढरी शीर गेलेली. माझं नख आपोआप दुखायला लागलं.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. ते पानाला चुना लावत होते. "मामंजी, ढिगाच्या दगडांना पाय फुटल्यात. सरपंचाच्या हिरीत जाऊन बसल्यात."

"असंल. तो परत आनून टाकंल. मिरगाला अजून येळ हाय."

मामंजी भित्रे नव्हते, पण सरपंच त्यांच्या भावकीतला. एकमेकांच्या बांधाला बांध. अशा माणसाला विचारायचं म्हणजे रोज सकाळी त्याचं तोंड बघायचं, आणि तेही आपणच वाकडं केलेलं. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मग एका संध्याकाळी त्यांनीच विषय काढला, पण भलताच. "साकव काय व्हत न्हाई ह्या साली. पेठेला निरोप धाडतो. पोरीचं नाव काढू."

नणंद भिंतीकडे तोंड करून निजली. जेवली नाही. तिच्या पाठीकडे बघून माझ्यातली ती 'ठाऊक हाय'वाली चवताळून उठली, आणि विचार न करता बोलून गेली, "नाव काढायच्या आदी त्यांना इचारा तरी! गाठ तुमच्या घरात हाय न्हवं?"

बोलले आणि जीभ चावली. उशीर झाला होता. मामंजी चुना लावायचे थांबले. त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. "खरं हाय," ते हळूच म्हणाले. "गाठ माझ्या घरात हाय. मीच न्हाई इचारलं तर कोन इचारनार? रईवारी गावकी बसवतो."

अशी मी स्वतःच्या हातानं स्वतःची मान सुळावर नेऊन ठेवली.

रविवारी देवळात गाव जमलं. पुरुष आत सभामंडपात, आम्ही बाया बाहेरच्या पायऱ्यांवर. मामंजींनी सरळ विचारलं, "मिरूग तोंडावर आलाय. साकवाचं काय?"

सरपंच हसला. "साकव मी नगं म्हनलोय का दादा? व्हईल की. दगड पडून व्हता, मी वाईच वापरला, सरकारी मदत आली की दुप्पट आनून टाकतो."

"मिरगाच्या आत म्हनला व्हतास."

"न्हाई बा. 'जमंल तसं' म्हनलो व्हतो."

आत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, मिरगाचंच बोलला होता. कोणी म्हणालं, दिवाळीतली गोष्ट, कुणाच्या ध्यानात आहे. मामंजी ताठ झाले. "भंडार उचलून बोलला व्हतास. गाठ माझ्या घरी हाय."

सरपंचाला मामंजी पुरते ठाऊक होते. देवाधर्माला इतके भिणारे, की रस्त्यात पडलेला शेंदरी धोंडाही ओलांडत नसत. खऱ्यासाठीसुद्धा हे भंडारावर हात ठेवायला धजणार नाहीत, असा त्याचा हिशेब. "मग आना गाठ," तो म्हणाला. "हात ठिवा तिच्यावर आन् म्हना, की ह्योच तो भंडार, आन् ह्याच भंडारावर हा मिरगाचं बोलला. तुमी म्हनलात की मी गपगुमान गादी सोडतो."

नणंदेला गाठ आणायला धाडलं. ती धावत गेली, धावत आली. माझ्या शेजारून आत जाताना तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की आजही तो दंड मी चोळते. गप बस, असा तो चिमटा होता. मला कळत होतं. गप्प बसले तर सगळं जुळत होतं. मामंजी हात ठेवणार, सरपंच हरणार, पोर शाळेत जाणार. हळद काय, हळदीसारखी हळद. पण मामंजींनी पागोटं काढून बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि अत्तारचाचाच्या दुकानातल्या हळदीवर हात ठेवायला पुढे केला. त्या म्हाताऱ्या माणसाकडून मी देवापुढे खोटं बोलवून घेणार होते, आणि ते त्याला माहीतही नव्हतं. सरपंचाला खोटेपणाबद्दल धरायला निघालेले आम्ही, आणि त्याच्या शपथेपुढे आमची गाठच खोटी!

"मामंजी, हात लावू नगा!"

देवळात सुनेचा आवाज. खांबावरचं कबुतर उडालं, एवढं आठवतं. मामंजींनी डोळे उघडले.

"का गं सूनबाई?"

"ती हळद दुकानातली हाय. खरा भंडार मी पिठल्यात घातला."

कोणाला काही समजेना. एक म्हातारा कानामागे हात धरून म्हणाला, "कुठल्या पिठल्यात?"

"चैतात सरपंच आमच्याकडं जेवले न्हाई का, त्या. दोनदा मागून घेतलं त्यांनी."

मग पायऱ्यांवरून कुंभाराची म्हातारी खिक्‌ करून हसली, आणि तिच्या मागून सगळं देऊळ. सरपंचाचा हात नकळत पोटावर गेला. मामंजी मात्र हसले नाहीत. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

पण सरपंच कच्चा नव्हता. तोही हसण्यात सामील झाला. "मग मिटलं की राव! भंडारच न्हाई तर साक्ष कशाची आन् शपथ कशाची? उठा मंडळी."

आणि माणसं उठायला लागलीसुद्धा! हसून मोकळी झाली होती ना. लोक हसले की विसरायला मोकळे होतात, हे सरपंचाला माझ्याआधी कळलेलं होतं. माझ्या डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला, मला कळलं नाही. मी पायरी चढून उंबऱ्यात उभी राहिले.

"कसं मिटलं? गाठ राखायचं काम आमच्या घराचं व्हतं. ते मी नासलं. त्याचं मामंजी मला काय बोलायचं ते बोलतील. पर तुमचा शब्द काय फडक्यात बांधला व्हता? तो तुमी तोंडानं दिला आन् ह्या गावानं कानानं ऐकला. आन् भंडार म्हनाल तर तो कुठं गेला न्हाई. तुमच्या पोटात हाय. आमच्या देव्हाऱ्यात व्हता त्यापरीस जवळ हाय तुमच्या!"

"ए पोरी, पदर घे," कोणीतरी ओरडलं.

"घेते. आदी ह्ये बगा." मी पाय पुढे केला. देवळात, पंचांच्या समोर, सतरा वर्षांच्या सुनेनं पाय पुढे केला. आज आठवलं की अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी हसू फुटतं. "ह्ये नख बगा. सरमदानात माझ्या पायावर लांबोडा दगड पडला, मदून पांढरी शीर गेलेला. समद्या बायांनी पायला, हसल्याबी. तो आता सरपंचाच्या हिरीची वरून तिसरी पायरी झालाय. सरपंच, न्हाई म्हना. गाठीवर नगं, पोटावर हात ठिवून म्हना, की ती पायरी गावाची न्हाई आन् मी मिरगाचं बोललो न्हाई."

त्याचा हात अजून पोटावरच होता. विस्तव लागल्यासारखा त्यानं तो काढला. दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. कमरेवर ठेवले, पाठीमागे नेले. "बायांशी काय बोलायचं," असं काहीतरी पुटपुटला. पोटावर हात मात्र ठेवला नाही. ते सगळ्या गावानं पाहिलं, आणि या खेपेला कोणी हसलं नाही.

कुंभाराची म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला गं बायांनो. आपला दगड कसा बसलाय ते बगून येऊ."

भर उन्हात आम्ही बाया विहिरीवर गेलो. तिसरी पायरी चुन्यात घट्ट बसलेली, ती निघण्यासारखी नव्हती. पण विहिरीच्या कडेला बराच दगड तसाच मोकळा पडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चुंबळी घेऊन आम्ही परत गेलो आणि दगड उचलायला लागलो. सरपंचाचा गडी पळत आला. "हात लावाल तर फौजदार आनू म्हनत्यात!"

"आन की," म्हातारी म्हणाली. "दोन दगड त्याच्याबी डोक्यावर दिऊ."

फौजदार आला नाही. दगड ओढ्यावर आला.

घरी माझी मात्र खैर नव्हती. मामंजी माझ्याशी बोलेनासे झाले. सरपंचाला अडवलं त्याचा राग नव्हता. देवाची ठेव राखता आली नाही, तेही आपल्या घरात, ही खंत होती. आळ्याला धाडून देतात की काय, या भीतीनं मी गाठोडंही बांधून ठेवलं होतं. सासूबाई तेवढं एकच वाक्य बोलल्या. चुलीतलं लाकूड पुढे सारत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठाऊक व्हतं न्हवं तुला?" बास. त्या दिवसापासून ते दोन शब्द माझ्या तोंडातून गेले ते गेलेच.

इकडे सरपंचाला मात्र कुठे तोंड काढायची सोय राहिली नाही. गोष्ट जुन्नरच्या बांगडीवाल्या चाचीनं नेली. ती टोपली घेऊन गावोगाव फिरायची आणि हात दाबून बांगडी चढवता चढवता गोष्टी सांगायची. मन गोष्टीत गुंतलं की बांगडी टोचत नाही, हे तिचं तंत्र. आमची गोष्ट तर लांबलचक होती, डझनभर बांगड्यांना पुरणारी. सरपंच जुन्नरच्या बाजारात गेला तर धान्याच्या गाळ्यावरून कोणी विचारी, "सरपंच, पोट कसंय?" घोंगडीवाला विचारी, "आता बरं हाय न्हवं पोट?" एकदा भर रस्त्यात चाचीच समोर आली. डोक्यावरची टोपली सावरत अगदी काळजीनं म्हणाली, "काय सरपंचभाऊ, पोटात काय दुखतं का अजून? साकव बांधा, उतार पडंल." कोणी शिवी देत नव्हतं, कोणी भांडत नव्हतं. नुसती प्रकृतीची चौकशी.

पेठेचा निरोपही आला. ज्या घरची सून देवळात सरपंचाला पोटावर हात ठेवायला सांगते, त्या घरची लेक आमच्याच्यानं सांभाळायची नाही, असं त्यांनी कळवलं. मामंजी दिवसभर धुमसत होते. नणंद दिवसभर गाणं गुणगुणत होती.

वैशाख सरता सरता सरपंचानं विहिरीचं काम थांबवलं आणि तेच गवंडी ओढ्यावर लावले. उरलेला दगड त्यानं स्वतःच्या गाडीनं आणला. साकव झाला. देखणा वगैरे काही नाही. एका अंगाला कलंडलेला, कठडा नाही, मधली फरशी पाय ठेवला की डुगडुगायची. पण मिरगाच्या आत झाला. रीतीप्रमाणे भंडार उधळायचा, तर गाठीतला नव्हता. सरपंचानं देवळातला ताजा आणला आणि माझ्याकडे पाठ करून उधळला. पुढे तो आमच्या घरी कधी जेवला नाही. माझीही हरकत नव्हती.

तरीही मामंजी नणंदेच्या शाळेचं काही बोलेनात. पेठेचा सल होता, माझाही असणार. शाळा उघडायच्या दिवशी ते ओसरीवर बसले होते आणि ती दप्तर छातीशी धरून उंबऱ्यात उभी. मी देव्हाऱ्याकडे बघितलं. टाकाखाली काही नव्हतं. म्हटलं, होऊन होऊन काय होईल, गाठोडं तर बांधलेलंच आहे.

"मामंजी, साकव झाला तर सातवीपत्तूर, असं तुमीबी म्हनला व्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. "भंडार उचलून न्हवतो म्हनलो."

"न्हाई. पर आमी ऐकलं व्हतं."

ते उठले, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि पोरीच्या पुढे चालायला लागले. मीही मागून गेले, कोणी नको म्हटलं नाही. ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं, गुडघ्याच्या वर. साकवाशी चार-दोन माणसं उभी होती, त्यात सरपंचही. दगड बसला की खचला ते बघायला आला असावा. मामंजींनी आधी स्वतः चालून पाहिलं, डुगडुगत्या फरशीवर दोनदा पाय आपटून पाहिला, परत आले आणि तिला म्हणाले, "जा."

ती पुढे सातवी झाली, मास्तरीण झाली आणि कुठे नेमली गेली म्हणाल तर थेट पेठेला. पण त्या दिवशी ती अकरा वर्षांची होती, परकर वर खोचलेला, आणि खाली पाण्याकडे न बघता एकेक फरशी ओलांडत होती. डुगडुगती फरशी मागे टाकली, पलीकडच्या काठावर उतरली, आणि तिथून मागे वळून, सरपंच उभा आहे, बाप उभा आहे, कशाची पर्वा न करता, दोन्ही हात तोंडाशी धरून माझ्याकडे बघून ओरडली:

"वयनी, फुडचा सरपंच निवडला की त्यालाबी पिठलं घाल गं!"